पोटातल्या बाळाचं ऑपरेशन आणि आठवड्यांचा हिशेब

आपल्याकडे गरोदर बाईला ‘कितवा?’ विचारलं की ती ‘पाचवा लागला’ नाहीतर ‘पाचवा भरला’ असं सांगते. लागला म्हणजे चार महिने पुरे झाले, साधारण १७-१८ आठवडे. भरला म्हणजे २२ च्या आसपास. घरात बोलताना या दोन शब्दांनी काही बिघडत नाही. पण सोनोग्राफीत बाळाला दोष दिसला, तर मधल्या या चार आठवड्यांवर पुढचं बरंच काही ठरतं. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांचं लेझर ऑपरेशन १६ ते २६ आठवड्यांत होतं. पाठीचा कणा उघडा राहिला असेल तर तो पोटातच बंद करायचं काम १९ व्या आठवड्यानंतर आणि २६ आठवडे पुरे व्हायच्या आत. म्हणून डॉक्टरांशी बोलताना महिने सोडा आणि आठवडे धरा.

आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी अनियमित असेल तर ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून तारीख पक्की करतात, आणि एकदा पक्की झालेली तारीख पुन्हा बदलायची नसते. पुढच्या प्रत्येक रिपोर्टावर मशीन नवी तारीख छापतं. ती बाळाच्या त्या दिवसाच्या मापावरून काढलेली असते. बाळाची वाढ खुंटलेली असेल तर ती तारीख आपल्याला ‘अजून वेळ आहे’ असं खोटंच सांगते.

दुसरी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांची. मुंबईत तिला कुणी अ‍ॅनोमली स्कॅन म्हणतं, कुणी टार्गेट, कुणी लेव्हल टू. ती १९ व्या आठवड्यात झाली, दोष दिसला, गर्भजल काढून गुणसूत्रं तपासायला दिली, तर प्राथमिक उत्तर २-३ दिवसांत येतं. बारीक तपासणीचं उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. म्हणजे २२ उजाडले. तीच सोनोग्राफी ‘सण होऊ दे, मग करू’ म्हणत २३ व्या आठवड्यात केली, तर ऑपरेशनची वेळ हातातून गेलेली असू शकते. गर्भपाताचा विचार करावा लागला तर कायद्यानेही आठवडेच मोजतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांचं मत लागतं. बाळात गंभीर दोष असेल तर २४ नंतरही परवानगी मिळू शकते, पण त्याचा निर्णय वैद्यकीय मंडळ घेतं.

कशाला हात घालतात, कशाला नाही

जन्मजात दोषांपैकी बहुतेकांवर इलाज जन्मानंतरच होतो, आणि तोच बरा. दुभंगलेला ओठ बाळ तीन ते सहा महिन्यांचं झालं की शिवतात. पोटात असताना त्या ओठावाचून त्याचं काही अडत नाही. वाकडी पावलं जन्मानंतर काही आठवड्यांतच प्लास्टर घालायला सुरुवात करून सरळ करत आणतात. डाउन सिंड्रोममध्ये जादा गुणसूत्र अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, तिथे शिवायला काही नसतंच. पोटात असतानाच ऑपरेशन करायचं ते अशा दोषासाठी, जो दर आठवड्याला नुकसान वाढवत जातो आणि जन्मापर्यंत थांबलं तर ते नुकसान भरून येत नाही. शिवाय बाळात दुसरा मोठा दोष नसावा लागतो. म्हणून आधी गुणसूत्रं, हृदयाची वेगळी सोनोग्राफी आणि गरज पडली तर एमआरआय. या तपासण्यांना कंटाळू नका. बाळ मुळातच जगू शकणार नसेल तर आईच्या पोटावर सुरी चालवणं अन्याय आहे.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ग्रहणात विळीवर बसली, पपई खाल्ली, जिने चढली, यातल्या कशानेही हे दोष होत नाहीत. पाठीचा कणा गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या आत मिटायचा असतो. तेव्हा अनेकींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. सुनेला बोल लावण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांनी हे ऐकून घ्यावं.

या शाखेची सुरुवात सुईने झाली. १९६३ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला डॉ. विल्यम लायली यांनी पोटातल्या बाळाला रक्त दिलं. १९८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. मायकल हॅरिसन यांनी गर्भपिशवी उघडून बाळाच्या तुंबलेल्या मूत्राशयावर शस्त्रक्रिया केली. आजही वाटा याच आहेत: सुई, उघडं ऑपरेशन, आणि या दोन्हींच्या मधली दुर्बीण. सगळ्यात जास्त वापर सुई आणि दुर्बिणीचा होतो.

एकाच वारेवरची जुळी

जुळी म्हटल्यावर घरात पेढे वाटले जातात. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना मात्र पहिला प्रश्न हा विचारा: वार एक आहे की दोन? याचं उत्तर ११ ते १३ आठवड्यांत सगळ्यात स्वच्छ मिळतं. दोन पाणमोटांमधला पडदा वारेला टेकतो तिथे जाडसर त्रिकोण दिसला तर वारा दोन. पातळ पडदा काटकोनात, इंग्रजी टी अक्षरासारखा टेकला तर वार एक. पुढे ही खूण पुसट होत जाते. रिपोर्टात याचा उल्लेख नसेल तर लिहून मागा.

वार एक असेल तर तिच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या बहुतेक नेहमीच एकमेकींना जोडलेल्या असतात. देवाणघेवाण सारखी असेल तोवर काही होत नाही. अशा १०० गरोदरपणांपैकी १० ते १५ मध्ये ती एकतर्फी होते. देणाऱ्या बाळाचं रक्त कमी पडतं, त्याची लघवी थांबत जाते. पोटातलं पाणी या दिवसांत मुख्यतः बाळाची लघवीच असते, त्यामुळे त्याची पाणमोट आटते आणि पडदा ओल्या कपड्यासारखा अंगाला चिकटून बसतो. घेणाऱ्या बाळाला रक्त जास्त, लघवी जास्त, पाणी जास्त. त्याचं हृदय त्या ओझ्याने थकत जातं. एका बाजूला पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा ८ सेंमीच्या वर आणि दुसऱ्या बाजूला २ सेंमीच्या आत, असं माप आलं की निदान पक्कं होतं. २० आठवड्यांनंतर काही केंद्रं ८ ऐवजी १० धरतात. विकार वाढलेला असताना काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात.

म्हणून वार एक असलेल्या जुळ्यांची सोनोग्राफी १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करायची असते, महिन्याने नाही. दोन सोनोग्राफींच्या मध्ये आईनेच लक्ष ठेवावं. चार-पाच दिवसांत पोट एकदम ताणलं, सलवारची नाडी पुरेना, आडवं पडलं की दम लागतो, असं झालं तर त्याच दिवशी सोनोग्राफी. ‘दोन आहेत, पोट मोठं दिसणारच’ हे वाक्य अशा वेळी फार महागात पडतं.

ऑपरेशन पाहायला गेलं तर छोटं दिसतं. आई जागी असते. पोटाच्या कातडीपासून गर्भपिशवीपर्यंत भूल देतात आणि शिरेतून थोडं गुंगीचं औषध. कातडीवर ३ मिलिमीटरची चीर, तिच्यातून बारीक नळी, नळीतून उदबत्तीएवढ्या जाडीची दुर्बीण घेणाऱ्या बाळाच्या, म्हणजे भरपूर पाणी असलेल्या पाणमोटेत. पडद्यावर वारेचा पृष्ठभाग दिसतो: नदीच्या मुखाशी फाटे फुटावेत तशा वाहिन्या. यातली धमनी गडद दिसते आणि नीला उजळ, आपल्या शरीरातल्या नेहमीच्या रंगांच्या बरोबर उलट, कारण बाळाकडून वारेकडे येणारं रक्त वापरलेलं असतं आणि वारेकडून जाणारं ताजं. दोघी एकमेकींना ओलांडतात तिथे धमनी वरून जाते. या दोन खुणांवर डॉक्टर प्रत्येक वाहिनीचा माग काढतात: ही या बाळाची, ही त्या बाळाची, आणि इथे दोघींचा जोड. दुर्बिणीतून अर्ध्या मिलिमीटरचा लेझरचा तंतू पुढे काढतात, टोक वाहिनीपासून थोडं दूर धरतात, आणि वाहिनी पांढरी पडेपर्यंत किरण देतात. टोक टेकलं तर वाहिनी फुटते, पाणी लाल होतं आणि पुढचं काही दिसत नाही. मग कोमट सलाइन सोडून पाणी धुवावं लागतं आणि वेळ जातो.

सगळे जोड बंद झाले की त्या ठिपक्यांना जोडणारी एक सलग रेघ वारेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लेझरनेच ओढतात. या पद्धतीला सॉलोमन म्हणतात. रेघ ओढायचं कारण असं, की दुर्बिणीला न दिसणारे केसासारखे जोड मागे राहतात. ते राहिले तर काही आठवड्यांनी एक बाळ पांढरंफटक आणि दुसरं लालबुंद होत जातं, किंवा तोच आजार परत येतो. शेवटी त्याच नळीतून जास्तीचं पाणी काढतात, बहुधा १ ते ३ लिटर. आईला तिथल्या तिथे मोकळा श्वास घेता येतो.

अडचण कुठे येते? वार पोटाच्या पुढच्या भिंतीवर असेल तर नळी वारेतून घालता येत नाही, बाजूने यावं लागतं आणि दुर्बीण तिरपी पडते. पाणमोटेला केलेलं भोक शिवता येत नाही, म्हणून पाणी गळू लागण्याचा आणि दिवस भरायच्या आत बाळंतपण होण्याचा धोका शेवटपर्यंत राहतो. देणाऱ्या बाळाचा वारेतला वाटा आधीच फार लहान असेल तर जोड तोडल्यावर ते तग धरत नाही. तरीही जोड तोडणं का महत्त्वाचं, ते पाहा: जोड असताना एक बाळ दगावलं तर दुसऱ्याचं रक्त काही मिनिटांत त्याच्याकडे वाहून जातं आणि मागे राहिलेल्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. जोड तुटलेले असतील तर तसं सहसा होत नाही.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत लेझर केलेल्या गटात १०० पैकी ७६ गरोदरपणांत निदान एक बाळ जन्मानंतर २८ दिवस जगलं; नुसतं पाणी काढलेल्या गटात ५६. तंत्र तेव्हापेक्षा सुधारलं आहे. नुसतं वरचेवर पाणी काढू असा सल्ला १६ ते २६ आठवड्यांत कुणी दिला, तर लेझर करणाऱ्या केंद्राचं मत त्याच आठवड्यात घ्यावं, असं आम्ही ठामपणे सांगू.

सुईने रक्त

आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या रक्तात बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात. ती वार ओलांडून जातात आणि बाळाच्या पेशी फोडतात. बाळ किती पांढरं पडलंय हे सुई न टोचता कळतं: रक्त पातळ झालं की वेगाने धावतं. मेंदूतल्या मधल्या धमनीतला वेग त्या आठवड्याच्या सरासरीच्या दीडपट झाला की रक्त द्यायची वेळ आली.

हे रक्त साधं नसतं. ओ निगेटिव्ह, ताजं, आईच्या रक्ताशी जुळवून घेतलेलं, किरणोत्सर्ग दिलेलं आणि घट्ट केलेलं, म्हणजे त्यात ७५ ते ८५ टक्के तांबड्या पेशी. घट्ट अशासाठी की कमी मापात जास्त पेशी जाव्यात. २६ आठवड्यांचं बाळ ९०० ग्रॅमच्या आसपास असतं. त्याला द्यायचं रक्त ४५-५० मिलीच्या घरात, टपरीवरच्या कटिंगपेक्षाही कमी. सोनोग्राफीच्या नजरेखाली सुई नाळेच्या नीलेत घालतात, शक्यतो नाळ वारेला जोडलेली असते तिथे, कारण तेवढाच भाग हलत नाही. बाळाने लाथ मारून सुई निसटू नये म्हणून त्याला थोडा वेळ हालचाल थांबवणारं औषध देतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, आणि असं ३५ व्या आठवड्याच्या आसपासपर्यंत. बाळाच्या अंगावर पाणी चढायच्या आत सुरुवात केली तर अनुभवी हातांत दहापैकी नऊहून जास्त बाळं वाचतात.

मुंबईकरांसाठी एक जोड. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली याच शहरात ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. आई त्या गटाची असेल तर ओ रक्तही तिच्या प्रतिद्रव्यांना चालत नाही, आणि पोटातल्या बाळाला द्यायचं रक्त आईशीच जुळवायचं असतं. साध्या तपासणीत हा गट ओ म्हणून दिसतो. म्हणून रक्तपेढीला पूर्ण जुळवणी करू द्या, घाई करू नका.

यातला बराच भाग टाळता येतो. निगेटिव्ह आईला २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन. गर्भपात झाला, मध्येच रक्तस्राव झाला, गर्भजल काढलं, तरीही. ‘पहिलं पडलं, मग कशाला इंजेक्शन’ असं म्हणणाऱ्या घरात दुसऱ्या बाळाला त्याची किंमत मोजावी लागते.

उघडा कणा

मणक्यांची कमान मिटली नाही तर मज्जारज्जू पाठीवर उघडा राहतो. पहिलं नुकसान तिथेच होतं. दुसरं नुकसान नंतर सुरू होतं: उघड्या मज्जातंतूंना महिनोन् महिने गर्भजल लागत राहतं, घासत राहतं, आणि मेंदूभोवतीचं पाणी गळत राहिल्याने मेंदूचा मागचा भाग खाली मानेत ओढला जातो. त्याने मेंदूतल्या पाण्याची वाट तुंबते. जन्मानंतर शिवलं तर हे दुसरं नुकसान होऊन गेलेलं असतं.

पोटातच शिवण्याचा फायदा अमेरिकेतल्या ‘मॉम्स’ चाचणीने दाखवला. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. फायदा इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी मुदतीआधी थांबवली. वर्षाच्या आत मेंदूतलं पाणी काढणारी नळी जन्मानंतर शिवलेल्या १०० पैकी ८२ बाळांना लागली, पोटात शिवलेल्या १०० पैकी ४० ना. अडीच वर्षांचं होईपर्यंत आधाराशिवाय चालणारी मुलं अनुक्रमे २१ आणि ४२.

उघड्या ऑपरेशनमध्ये आईला पूर्ण भूल देतात, आणि नेहमीपेक्षा जास्त मात्रेत, कारण गर्भपिशवी पूर्ण सैल पडायला हवी; ती आवळली तर वार सुटते. पोट उघडून पिशवी वर घेतात, वार कुठे आहे ते सोनोग्राफीने पाहून तिच्यापासून दूर चीर देतात, आणि चिरेच्या कडा विरघळणाऱ्या स्टेपलने दाबून धरतात, म्हणजे रक्त वाहत नाही आणि पाणमोट सुटत नाही. बाळ बाहेर काढत नाहीत. फक्त त्याची पाठ त्या खिडकीत आणतात. नाळ चालू असते, म्हणून श्वासाचा प्रश्न येत नाही. बाळालाही दंडात किंवा मांडीत वेदनाशामक आणि हालचाल थांबवणारं औषध टोचतात. मज्जारज्जू कातडीपासून सोडवून आत बसवतात, त्यावर आवरण, त्यावर कातडी, आणि शिवण पाणी न गळेल अशी. पाठ मिटली की कोमट सलाइन भरून पिशवी शिवतात. काही केंद्रांत हेच काम आता दुर्बिणीतून होतं.

याची किंमत आई देते, आणि ती लपवून ठेवू नये. मॉम्समध्ये पोटात शिवलेली बाळं सरासरी ३४ आठवड्यांतच जन्मली, दुसऱ्या गटातली ३७ ला. पिशवीवरची ही चीर नेहमीच्या सिझेरियनच्या जागी नसते. कळा आल्या तर ती फाटू शकते. म्हणून हे बाळंतपण सिझेरियनने, आणि पुढचं प्रत्येकही. उघडं ऑपरेशन ठरवताना ‘पुढे अजून मूल हवंय का’ हा प्रश्न म्हणूनच आज विचारायचा. लघवीचा त्रासही बऱ्याच मुलांत राहतोच. दिवसातून काही वेळा नळीने लघवी काढायला घरच्यांना शिकावं लागतं. पोटात ऑपरेशन केलं म्हणजे मूल दोषमुक्त होऊन जन्मेल, अशी समजूत घेऊन कुणी टेबलावर जाऊ नये.

दिवस राहण्यापूर्वी किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर असे बरेच दोष टळतात. आधीच्या बाळात हा दोष असेल तर मात्रा दसपट, ४ ते ५ मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

श्वासनळीतला फुगा

छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला भोक असेल तर आतडी, कधी यकृत, छातीत चढतं आणि फुफ्फुसांना वाढायला जागा उरत नाही. फुफ्फुस फारच लहान राहिलं असेल तर २७ ते २९ आठवड्यांत दुर्बीण बाळाच्या तोंडातून, स्वरतंतूंमधून श्वासनळीत नेतात आणि तिथे एक छोटा फुगा भरून सोडतात. फुफ्फुसं सतत पाणी तयार करतात. वाट बंद झाली की ते आत साठतं आणि फुफ्फुसांना आतून ताण देऊन वाढवतं. ३४ व्या आठवड्यात फुगा काढतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अतिगंभीर गटातली ४० टक्के बाळं घरी गेली, फुगा न घातलेल्यांतली १५ टक्के. मध्यम गंभीर गटात फायदा सिद्ध झाला नाही. पडद्याचं भोक तसंच राहतं. ते जन्मानंतर शिवावंच लागतं.

फुगा आत असताना बाळ जन्मलं तर ते श्वास घेऊ शकत नाही. आणि पाणमोटेला भोक पाडल्यामुळे अवेळी पाणी जाणं, कळा येणं यांची शक्यता मोठी असते. म्हणून फुगा आत असेपर्यंतचे पाच-सात आठवडे आईने केंद्राच्या अगदी जवळ राहायचं. बदलापूरहून किंवा विरारहून ‘काही झालं तर येऊ’ हे चालत नाही. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की दादर-परळ अंतरही पार होत नाही, तर बदलापूरची काय कथा. नातेवाइकांची खोली, धर्मशाळा, रुग्णालयाचं वसतिगृह, काहीही, पण जवळ. सातव्यात डोहाळजेवण करून माहेरी चिपळूणला पाठवायची रीत या एका गरोदरपणापुरती बाजूला ठेवा; ओटी मुंबईतच भरता येते. फुगा फोडता येणारा डॉक्टर चोवीस तास असतो का, हे ऑपरेशनपूर्वी स्पष्ट विचारा.

बाकीचे काही दोष थोडक्यात. मूत्रमार्ग तुंबला असेल तर मूत्राशयातून पाणमोटेत दोन्ही टोकांना वळलेली बारीक नळी बसवतात. ती वरचेवर सरकते किंवा बुजते, आणि मूत्रपिंडं आधीच गेली असतील तर उपयोग होत नाही, म्हणून आधी बाळाची लघवी सुईने काढून तपासतात. फुफ्फुसातल्या काही गाठींना आईला दिलेल्या स्टेरॉइडच्या दोन इंजेक्शनांनीच उतार पडतो आणि ऑपरेशन टळतं.

सही, पैसे, फाइल

पोटातल्या बाळाच्या ऑपरेशनमध्ये सुरी धडधाकट बाईच्या अंगावर चालते. तिच्या स्वतःच्या तब्येतीला त्यातून काहीच मिळत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फुफ्फुसात पाणी होण्याची भीती मात्र तिच्या वाट्याला. म्हणून निर्णय तिचा. सज्ञान बाईची सही पुरते, नवऱ्याची किंवा सासऱ्यांची कायद्याने लागत नाही. डॉक्टरांनी तिच्याशी एकदा तरी एकटीशी बोलावं, आणि ती ‘नको’ म्हणाली तर तेही उत्तर पूर्ण मानाने घ्यावं.

केंद्र निवडताना इमारत पाहू नका. हे ऑपरेशन तुम्ही आतापर्यंत किती केलीत, त्यात किती बाळं घरी गेली, पाणी गेलं तर पुढे काय करता, किती आठवड्यांपर्यंतचं बाळ तुमच्या अतिदक्षता विभागात सांभाळता, हे विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. बाळंतपण आणि बाळाचा सर्जन एकाच ठिकाणी असावा. परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय शेजारीशेजारी आहेत. अशा शेजाराचं मोल नवजात बाळाला रुग्णवाहिकेतून हलवावं लागतं तेव्हा कळतं.

खर्च एका ऑपरेशनाचा नसतो. बाळ ३० आठवड्यांत जन्मलं तर पुढचे दोन महिने काचेच्या पेटीचे पैसे लागतात, ते आजच धरून चला. विमा असेल तर गर्भातल्या उपचाराला आणि जन्मजात दोषाला तो लागू आहे का, हे लेखी विचारून ठेवा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन दाखल होण्यापूर्वीच तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. बिल हातात आल्यावर सवलत मागणं फार अवघड जातं.

घरी सोडल्यावर पांढरं सुती पॅड वापरा, म्हणजे पाणी जातंय का ते दिसतं. लघवीचा वास ओळखू येतो. गर्भजलाला तसा वास नसतो आणि ते खोकल्यावर, उठल्यावर थोडं थोडं येत राहतं. तासाला चार-पाच वेळा पोट दगडासारखं घट्ट होणं, ताप, रक्त, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर जवळच्या नर्सिंग होमला नव्हे, ऑपरेशन केलेल्या केंद्राला आधी फोन. फाइलच्या पहिल्या पानावर पाळीची तारीख, आजचे आठवडे, आईचा रक्तगट, वार कुठे आहे, ऑपरेशन कोणत्या दिवशी आणि कोणतं, बाळाच्या आत काही ठेवलंय का, आणि केंद्राचा रात्रीचा नंबर, एवढं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.